सपाट काचेविरुद्धचं बंड

१९६१ साली अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या व्हाइट ओक इथे, नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत वरिष्ठांची बैठक भरली होती. तिथले धातुतज्ज्ञ विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता आणि आघात सोसणारा मिश्रधातू शोधत होते. निकेल आणि टायटॅनियमच्या एका मिश्रणाने त्यांना कोड्यात टाकलं होतं. त्याची थंड कांडी फरशीवर पडली की बद्द आवाज यायचा, तीच कांडी गरम असली की खणखणायची. बैठकीला ब्यूलर स्वतः गेले नव्हते. त्यांच्या सहकाऱ्याने या धातूची एक पातळ पट्टी घड्या घालून नेली होती. कितीही वाकवा, तुटत नाही, एवढंच वरिष्ठांना दाखवायचं होतं. पट्टी हातोहात फिरली. डेव्हिड मझी नावाच्या अधिकाऱ्याला पाइप ओढायची सवय. त्यांनी सहज म्हणून खिशातला लायटर पेटवून पट्टीखाली धरला आणि सगळ्यांच्या देखत पट्टीच्या घड्या उलगडून ती सरळ झाली.

या धातूचं नाव पुढे निटिनॉल पडलं. रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटपासून दात सरळ करायच्या तारेपर्यंत तो सगळीकडे पोचला. संगणकाशी त्या दिवशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण हुकूम मिळताच आकार बदलणारी वस्तू लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती, आणि पुढे चाळीस वर्षांनी काही हट्टी माणसं याच तारा घेऊन संगणकाच्या पडद्यामागे लागणार होती.

पडद्यामागे लागण्यासारखं होतं काय? आज आपण ज्याच्यावर दिवसभर बोटं घासतो ती काच बघा. बँकेचे पैसे पाठवा, नातवाचा फोटो मोठा करा, रिक्षा बोलवा, बोटाला लागते ती एकच गुळगुळीत काच. चित्रातलं बटण आणि चित्रातला दगड यांत बोटाला फरक कळत नाही. हाताला मऊ-कडक, उंच-सखल, ओढ-ताण एवढं सगळं समजतं आणि यंत्र त्यातलं काहीच विचारत नाही. ही तक्रार जुनी आहे, काचेवरच्या फोनांपेक्षाही जुनी.

१९६५ साली दोन गोष्टी घडल्या. तिशीही न गाठलेले आयव्हन सदरलँड यांनी ‘द अल्टिमेट डिस्प्ले’ नावाचा छोटासा निबंध मांडला. संगणकाच्या पडद्यावर रेघा काढणारा ‘स्केचपॅड’ त्यांनी दोनच वर्षांपूर्वी तयार केला होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं कुणी हसण्यावारी नेलं नाही. त्यांची कल्पना अशी, की शेवटचा पडदा म्हणजे एक खोली असेल. तिथे वस्तू असणं-नसणं संगणकाच्या हातात असेल. खोलीत खुर्ची दिसली तर तिच्यावर बसता येईल, बेडी दिसली तर ती हात जखडेल आणि गोळी दिसली तर ती जीव घेईल. त्याच वर्षी इंग्लंडात माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधले ई. ए. जॉन्सन यांनी एक लेख छापला. विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या माणसाला पडद्यावर बोट टेकवून निवड करता यावी, अशी साधी सोय त्यात होती. बोटाच्या स्पर्शाने तारेतली विद्युत धारिता बदलते आणि ते यंत्राला कळतं. आपल्या खिशात आज जॉन्सन यांचा वारसा आहे. सदरलँड यांची खोली अजून बांधून व्हायची आहे.

तिचा पहिला कोपरा उभा राहिला तो एका बापामुळे. जॉन लिनव्हिल हे स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांची मुलगी कॅन्डी लहानपणीच दृष्टी गमावून बसली होती. १९६२ साली जर्मनीत असताना बापलेक आयबीएमची एक प्रयोगशाळा पाहायला गेले. तिथे वेगाने छपाई करणारं एक यंत्र होतं, बारीक हातोड्यांनी कागदावर अक्षरं ठोकणारं. लिनव्हिल यांच्या मनात आलं, की कागदाच्या जागी बोट असेल तर? अमेरिकेत परतल्यावर ते आणि जेम्स ब्लिस कामाला लागले. त्यातून ‘ऑप्टॅकॉन’ तयार झाला आणि १९७१ च्या सुमारास विक्रीला आला.

ऑप्टॅकॉन कसा चालायचा हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढच्या पन्नास वर्षांच्या यंत्रांची पूर्वपीठिका त्यातच आहे. उजव्या हातात चिमुकला कॅमेरा धरून तो छापील ओळीवरून सरकवायचा. डाव्या हाताची तर्जनी यंत्राच्या खाचेत ठेवायची. बोटाच्या पेराखाली ६ रांगांत २४-२४ अशा एकूण १४४ काड्या. कॅमेऱ्याला जिथे शाई दिसेल तिथल्या काड्या थरथरू लागत. म्हणजे ‘A’ हे अक्षर ‘A’ च्याच आकारात बोटाखालून सरकत जाई. काड्या हलवायचं काम पिझो स्फटिकाच्या पट्ट्या करत. वीज दिली की हा स्फटिक किंचित वाकतो. ब्रेल छापून यायची वाट पाहायला नको, कुणाची चिठ्ठी कुणाकडून वाचून घ्यायला नको. सराव करायला बरेच दिवस लागत आणि वेग डोळ्यांच्या मानाने फार कमी, तरी आलेलं पत्र स्वतः वाचायचं स्वातंत्र्य त्यात होतं. कॅन्डी त्याच यंत्राच्या बळावर स्टॅनफर्डमध्ये शिकली. पुढे छापील अक्षर ओळखून बोलून दाखवणारे संगणक आले आणि १९९६ साली ऑप्टॅकॉनचं उत्पादन थांबलं. जुने वापरकर्ते हळहळले. कानाने ऐकलेलं पान आणि बोटाने चाचपलेलं पान यांतला फरक त्यांना ठाऊक होता.

इकडे डोळसांच्या प्रयोगशाळांत वेगळीच खटपट चालू होती. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९६७ पासून एक प्रकल्प धरला होता. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत नेमका कसा बसतो ते रसायनशास्त्रज्ञाला हाताने अजमावता यावं, हा हेतू. त्यासाठी त्यांनी रेमंड गर्ट्झ यांच्या परंपरेतले यांत्रिक हात घेतले. किरणोत्सर्गी पदार्थ जाड भिंतीआडून हाताळता यावेत म्हणून आर्गोन प्रयोगशाळेत गर्ट्झ यांनी ते घडवले होते. पलीकडच्या चिमट्याला अडथळा लागला की अलीकडच्या मुठीलाही तो जाणवत असे. ब्रुक्स यांनी पलीकडचा चिमटा काढून टाकला आणि त्याच्या जागी गणित बसवलं. कल्पना सुरेख होती, पण संगणक मंद होते. खरं काम सुरू व्हायला १९८० चं दशक निम्मं सरावं लागलं.

या मंदपणाचं मूळ आपल्या शरीरात आहे. डोळ्यांपुढून सेकंदाला २४ चित्रं गेली की सिनेमा हलता दिसतो. बोट इतकं भोळं नाही. संगणकातली भिंत हाताला कडक लागायची असेल तर बोट कुठे आहे आणि त्याला किती रेटायचं, हा हिशेब सेकंदाला सुमारे १००० वेळा करावा लागतो. त्यात कसूर झाली की भिंत थरथरते, नाहीतर स्पंजागत दबते. डोळ्यांना खूश करणं हे संगणकाला लवकर जमलं आणि हाताला खूश करणं जमायला उशीर झाला, त्यामागचं मोठं कारण हेच.

१९९३ साली एमआयटीत थॉमस मॅसी नावाचा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक केनेथ सॉल्सबरी यांनी हा हिशेब टेबलावर आणला. ‘फँटम’ नावाचं त्यांचं यंत्र म्हणजे मोटरी जोडलेला एक हलका हात आणि त्याच्या टोकाला अंगुस्तान. अंगुस्तानात बोट घाला, पडद्यावरच्या गोळ्याला टेकवा, गोळा लागतो. त्यातून कंपनी उभी राहिली आणि दंतवैद्यांपासून मोटारींच्या आरेखनकारांपर्यंत यंत्र गेलं. (मॅसी पुढे केंटकीतून अमेरिकन संसदेत निवडून गेले. तिथे स्पर्शापेक्षा आवाजाला भाव जास्त.)

फँटममधली खोट जपानी संशोधकांना लगेच दिसली. आपण आंबा पिकलाय का हे पाहायला एका बोटाचं एक टोक टेकवत नाही, सगळा पंजा वापरतो. त्सुकुबा विद्यापीठातले हिरू इवाता यांनी अंगुस्तान फेकून दिलं. ‘फीलेक्स’ या प्रकल्पात त्यांनी २४ सेंटीमीटर लांब-रुंद चौकटीवर रबर ताणलं, खाली ३६ मोटरी बसवल्या आणि वरून प्रोजेक्टरने चित्र टाकलं. मोटरी वर-खाली झाल्या की रबराला टेकाडं येत आणि चित्र नेमकं त्या टेकाडांवर बसे. हात किती दाबतोय हेही खालून मोजलं जाई. प्रात्यक्षिकात त्यांनी अ‍ॅनोमॅलोकॅरिस हा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्री प्राणी सोडला होता. थोपटलं की तो वळवळायचा, फार दाबलं की बिथरायचा. पाहायला जमलेले सगळे दोन्ही हातांनी तो चाचपत. इथे पडदा, कळफलक आणि स्पर्शाचा प्रतिसाद हे तिन्ही एकाच कातड्यात आले होते. २००१ मध्ये इवातांनी हे काम सविस्तर मांडलं, तेव्हा दुसरी आवृत्तीही तयार होती. तिच्यात काड्या ८ मिलिमीटरवर आणल्या होत्या. डॉक्टर पोट चाचपून गाठ शोधतात, त्या बोटांना पुरेल एवढं अंतर. पण इतक्या दाटीत मोटरी मावेनात, म्हणून काड्यांची संख्या २३ वर आली.

मोटर मावत नाही, ही या सगळ्या इतिहासाची डोकेदुखी. तिच्यावर उतारा म्हणून पाइपवाल्या अधिकाऱ्याच्या पट्टीची आठवण झाली. टोकियोत सोनीच्या संगणकविज्ञान प्रयोगशाळेत इव्हान पुपिरेव्ह आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘लुमेन’ दाखवला. १३ ओळी, १३ रांगा, १६९ प्रकाशमान कांड्या, आणि प्रत्येकीला निटिनॉलची तार. वीज सोडली की तार तापून आखडते आणि कांडी हलते. आवाज नाही, दातेरी चाकं नाहीत. कांड्यांना बोटाचा स्पर्शही कळत असे. पाण्यावर तरंग उठावेत तशी त्याची पाठ हलायची. अडचण एकच, तापलेली तार गार व्हायला वेळ लागतो. तार तापवणं आपल्या हातात असतं, गार होणं तिच्या मर्जीवर.

आता एमआयटीच्या मीडिया लॅबमधले हिरोशी इशी. १९९५ साली ते जपानहून तिथे गेले. लहानपणी त्यांच्या घरी मण्यांची सोरोबान पाटी होती. त्यांच्या हातात ती कधी आगगाडी व्हायची, कधी वाद्य, कधी पाठ खाजवायचं साधन. आई हिशेबाला बसली की मण्यांचा टकटकाट यायचा आणि मुलाला समजायचं, की आत्ता तिच्याकडे खेळायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. आकडा आणि आकड्याचा मणी तिथे वेगळे नव्हते. हातात धरता येईल ती माहिती, हा त्यांचा ध्यास इथून आला असं ते सांगत. १९९७ साली ब्रिग उल्मर यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनी तो रीतसर मांडला. २००२ साली त्यांच्या गटाने टेबलावर माती ठेवली, वर लेझरने मोजणारं यंत्र आणि प्रोजेक्टर टांगला. हाताने डोंगर उठवा, दरी खणा. उतार किती, सावली कुठे, पाणी कुठून वाहील ते त्याच क्षणी मातीवर उमटे. बागा आणि वसाहती आखणाऱ्यांना हे फार आवडलं. तरी व्यवहार एकतर्फी होता. माणसाने मातीला आकार दिला तर संगणकाला कळे. संगणकाला काही सुचलं तर माती त्याचं ऐकत नसे.

हा एकतर्फीपणा मोडायला डॅनियल लाइटिंगर यांनी आधी १२० दांड्यांचं ‘रिलीफ’ बनवलं. मग शॉन फॉल्मर, लाइटिंगर आणि सहकाऱ्यांनी इशींच्या मार्गदर्शनाखाली २०१३ मध्ये ‘इनफॉर्म’ उभं केलं. ३० गुणिले ३०, म्हणजे ९०० चौकोनी दांडे. प्रत्येक दांडा सेंटीमीटरभराहून किंचित कमी जाडीचा आणि १० सेंटीमीटर उंच उठणारा. आवाजाच्या मिक्सरवर आपोआप सरकणाऱ्या पट्ट्या असतात, तशा ९०० मोटर-पट्ट्या टेबलाखाली लावल्या. त्या दांड्यांच्या खाली दाटीवाटीने बसणं शक्यच नव्हतं, म्हणून त्या लांब पसरून ठेवल्या आणि नळीतून जाणाऱ्या लवचिक सळयांनी दांड्यांना जोडल्या. एकेका सर्किट पाटीकडे ६ दांडे, अशा १५० पाट्या. वर खेळासाठी विकला जाणारा किनेक्ट कॅमेरा, जो हात किती उंचीवर आहे ते मोजतो. दांडा बोटाने खाली दाबला तर त्याच पट्टीवरून यंत्राला कळे, आणि दांड्याने किती विरोध करायचा हेही ठरवता येई. टेबल कुठे दगडासारखं कडक वाटे, कुठे पाण्यासारखं हलकं.

त्या नोव्हेंबरात इनफॉर्मची चित्रफीत जगभर फिरली. दुसऱ्या ठिकाणी असलेला माणूस कॅमेऱ्यासमोर हात हलवतो आणि टेबलातून त्याचे हात दांड्यांच्या रूपात वर येतात, एक चेंडू उचलल्यासारखा इकडून तिकडे लोटतात. सदरलँड यांच्या खोलीचा हा एवढाच तुकडा, टेबलाएवढा. पुढच्या वर्षी मिलानच्या डिझाइन सप्ताहात त्याच घराण्यातलं ‘ट्रान्सफॉर्म’ हजाराहून अधिक दांडे घेऊन फर्निचर म्हणून मांडलं गेलं. लोक रांग लावून पाहत होते.

टाळ्या थांबल्यावर हिशेब करून पाहावा. २०१३ मधल्या चांगल्या फोनच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाखांहून अधिक ठिपके होते आणि तो खिशात मावत होता. इनफॉर्मवर ठिपके ९००, आणि त्यांच्यासाठी खोलीभर यंत्रणा. प्रकाशाचा ठिपका छापून काढता येतो, आकाराच्या ठिपक्याला स्वतःची मोटर, स्वतःची सळई, स्वतःची वीज लागते आणि त्यातला एखादा रोज अडकतो. ठिपके दुप्पट बारीक करायचे म्हटले तर मोटरी चौपट. या गणितापुढे कुठल्याही प्रयोगशाळेची हुशारी चालली नाही.

बंडाची दुसरी फळी वेगळ्या वाटेने गेली. पडदा उठवता येत नसेल तर वाकवूया. पुपिरेव्ह त्या फळीतही होते. २००४ साली कार्स्टन श्वेसिग आणि एइजिरो मोरी यांच्यासह त्यांनी ‘गुमी’ दाखवला. कल्पना अशी, की क्रेडिट कार्डाएवढा लवचिक संगणक दोन्ही हातांनी धरायचा. एकीकडे वाकवला की नकाशा जवळ येतो, उलट वाकवला की लांब जातो. प्रत्यक्षात वाकणारा पडदाच त्यांना मिळेना, म्हणून त्यांनी लवचिक प्लास्टिकच्या पाटीवर ताठ पडदा चिकटवला आणि कडांना वाक मोजणारे संवेदक लावले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत प्रामाणिक यंत्र. पडदा ताठ, पण हाताला जे सांगायचं ते सांगून जातं.

कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात रूल व्हर्टेगाल यांनी ही वाट सोडली नाही. २००५ साली त्यांच्या गटाने साध्या कागदांवर प्रोजेक्टरने खिडक्या टाकून पाहिल्या. २००८ साली पुपिरेव्हबरोबर त्यांनी संगणकशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकाचा विशेषांक या विषयावर काढला. २०११ मध्ये ‘पेपरफोन’ आला. तो अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या लवचिक पडद्यांच्या केंद्रासोबत केलेला, ई-इंकच्या खऱ्याखुऱ्या वाकणाऱ्या पडद्याचा होता. कोपरा दुमडला की पान उलटतं, कड वाकवली की फोन लागतो. पाच वर्षांत सगळी यंत्रं अशीच दिसतील आणि हाताला अशीच लागतील, असं व्हर्टेगाल तेव्हा छातीठोकपणे म्हणाले. त्याच वर्षी नोकियाने लंडनला पिळून-वाकवून चालवायचा नमुना लोकांच्या हाती दिला. नोकियाला तेव्हा स्वतःच्याच पायाखालची वाळू सरकत असल्याची चिंता होती, त्यामुळे तो नमुनाच राहिला.

२०१३ हे या चळवळीचं भरतीचं वर्ष. पॅरिसच्या परिषदेत क्वीन्सच्या मंडळींनी ‘मोअरफोन’ आणला. त्यात निटिनॉलच्या तारा पुन्हा हजर. आवाज बंद असला तरी फोन आला की यंत्र सबंध वाकायचं, संदेश आला तर नुसता एक कोपरा उचलायचं. त्याच परिषदेत ब्रिस्टल विद्यापीठाच्या आन रूदो आणि श्रीराम सुब्रमण्यन यांच्या गटाने आकार बदलणाऱ्या फोनांचे अनेक नमुने मांडले. कॅलिफोर्नियातल्या टॅक्टस कंपनीने टॅब्लेटच्या काचेवर पारदर्शक थर लावून, त्याच्या बारीक वाहिन्यांत द्रव ढकलून, सपाट काचेवर टपोरी बटणं उठवून दाखवली. काम झालं की द्रव मागे, काच पुन्हा सपाट. दोन वर्षांनी हे तंत्र बाजारात आलं ते लहान आयपॅडच्या आवरणाच्या रूपात. फोन किंवा टॅब्लेट बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी ते आपल्या काचेत घेतलं नाही.

स्पर्शाच्या प्रतिसादाची वेगळी भांडणं कोर्टात चालली होती, तीही थोडक्यात सांगायला हवीत. खेळाच्या मुठीतल्या थरथरीवर इमर्शन या कंपनीची पेटंटं होती. २००४ साली ज्युरीने सोनीला ८ कोटी २० लाख डॉलर भरायला सांगितले. २००६ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३ आला तो थरथर नसलेली मूठ घेऊन. समझोता झाल्यावर थरथर परत आली. साध्या थरथरीची ही गत, तर उठणाऱ्या-वाकणाऱ्या पडद्यांवर वकिलांनी काय केलं असतं!

वाकणाऱ्या फळीचा सर्वांत चांगला नमुना आला २०१६ मध्ये, ‘रिफ्लेक्स’. एलजीचा लवचिक ओएलईडी पडदा, अँड्रॉइड, मागे वाक मोजणारे संवेदक आणि कंप देणारी एक छोटी कॉइल. उजवी बाजू वाकवली की पुस्तकाची पानं फडफडत जात. जितकं जास्त वाकवाल तितकी वेगाने. प्रत्येक पान सुटताना बोटांना हलकासा झटका लागे. अंगठ्याखालून पानं सुटावीत तसाच. अँग्री बर्ड्सच्या खेळात गलोलीचं रबर ताणायला फोनच वाकवायचा, आणि ताण हाताला जाणवायचा. डोळ्यांनी न पाहता आपण पुस्तकात किती आत आलोय हे हाताने ओळखायची सोय फोनमध्ये प्रथमच नीट जमली होती. व्हर्टेगाल यांनी दिलेली पाच वर्षांची मुदत त्याच वर्षी संपली.

मग बाजाराने वाकणारा पडदा घेतला, पण वाकवणं घेतलं नाही. सॅमसंगचा गॅलक्सी राउंड आणि एलजीचा जी फ्लेक्स २०१३ मध्येच आले होते. पहिला वक्र पण ताठ, दुसरा जरासा दबणारा. दोन्हींना वाकवून काही काम होत नसे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सॅमसंगने गॅलक्सी फोल्ड जाहीर केला. उघडला की ७.३ इंचांचा पडदा, मिटला की खिशात. एप्रिलमध्ये परीक्षणासाठी दिलेल्या फोनांचे पडदे बिघडू लागले. वरचा पातळ थर हा पडद्याचाच भाग होता. काहींनी तो नवा फोन घेतल्यावर आपण काढतो तसलं प्लास्टिक समजून सोलून काढला. विक्री लांबली, दुरुस्त्या झाल्या आणि सप्टेंबरात फोन आला. भारतात त्याची किंमत १,६४,९९९ रुपये होती. पुढच्या मॉडेलांत अर्धा उघडून टेबलावर ठेवला की वरच्या भागात चित्र आणि खालच्या भागात बटणं येऊ लागली. वाक ओळखून वागणाऱ्या यंत्राचा एवढाच अंश बाजारात शिल्लक राहिला.

कारणं शोधायला फार लांब जायला नको. पडदा वाकतो, बॅटरी, कॅमेरा, चिपा वाकत नाहीत. एका रेषेवर बिजागरी बसवून दोन ताठ अर्ध्या भागांत सगळं कोंबणं सोपं, सबंध फोन लवचिक करणं अवघड. ज्याला वाकवायचा फोन नाही तो वाकवून चालणारं अ‍ॅप लिहीत नाही, आणि अ‍ॅप नाही म्हणून फोन कुणी काढत नाही. शिवाय हाताला स्वस्तात फसवण्याची विद्या दरम्यान साधली होती. २०१५ साली अ‍ॅपलने मॅकबुकचा असा ट्रॅकपॅड आणला, जो दाबल्यावर हलतच नाही. आतला चुंबक नेमक्या क्षणी आडवा झटका देतो आणि आपल्याला बटण खाली गेल्याचा भास होतो. पुढच्या वर्षी आयफोन ७ च्या होम बटणाचंही तेच झालं. बटण उठवण्यापेक्षा बटणाची आठवण करून देणं शेकडो पटींनी सोपं होतं, आणि बहुतेकांना तेवढ्याने भागलं.

डोळे असणाऱ्यांना तेवढ्याने भागतं. ज्यांना दिसत नाही त्यांना भागत नाही, आणि म्हणून उठणाऱ्या पडद्यांचं खरं उत्पादन त्यांच्यासाठी झालं. ब्रेल दाखवणारी यंत्रं कित्येक वर्षं एकाच ओळीची होती, तीही महागडी. मुंबईच्या इनोव्हिजन कंपनीने २० अक्षरांचं ‘ब्रेल मी’ काढलं ते ही किंमत खाली आणायलाच. पण एका ओळीत त्रिकोण मावत नाही, आलेख मावत नाही, महाराष्ट्राचा नकाशाही मावत नाही. २०२४ मध्ये अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड या संस्थेने ‘मोनार्क’ शाळांमध्ये पोचवायला सुरुवात केली. त्यात कोरियातल्या डॉट कंपनीचं तंत्र आणि कॅनडातल्या ह्यूमनवेअरची बांधणी आहे. १० ओळी, ओळीला ३२ अक्षरं, एकूण ३,८४० टोकं. पाठ्यपुस्तकातली आकृती त्यावर उठते, बोटाने दाखवलं की यंत्र प्रतिसाद देतं. इनफॉर्मच्या चौपटीहून जास्त ठिपके, आणि मोठ्या लॅपटॉपएवढ्या आकारात.

वाकणाऱ्या फोनवर कंपन्यांनी केवढा तरी पैसा ओतला आणि हाती आली ती बिजागरी. उंचवट्याचं तंत्र त्याच काळात अंध मुलांच्या वर्गात जाऊन बसलं. आपल्याकडच्या अंधशाळांना आणि त्यांना देणग्या देणाऱ्यांना एवढंच सुचवावंसं वाटतं: यापुढे ब्रेलचं यंत्र घेताना किती ओळी आणि आकृती उठते का, हे दोन प्रश्न आधी विचारा. दहावीच्या भूमितीचा पेपर एका ओळीत चाचपून सोडवता येत नाही.